उलटे आटे

इस्लामपूर
११ मार्च १९७४

दादा,

तुला आणि आईला नमस्कार. मी बरी आहे. सासूबाई, म्हणजे आमच्या हरणाबाई, त्याही बऱ्या आहेत.

तुझ्या गॅरेजातून आलेली लाल गाडी आमच्या दारात उभी राहून महिना झाला. माणसं बसणार दोन, छप्पर कापडाचं आणि आवाज गुऱ्हाळाच्या इंजिनाचा. संस्थानिकांच्या पागेतली गाडी म्हणून हे रोज संध्याकाळी साखर कारखान्यापर्यंत मिरवून आणतात. जाताना नीट जाते. येताना तापते, टोपणातून वाफ सोडते आणि बंद पडते. मग ऊसवाल्यांच्या बैलांकडून ओढून आणावी लागते आणि अख्खा गाव बघायला गोळा होतो.

गाडी तापू नये म्हणून काय करतात ते मला सविस्तर लिही. तू तिच्यासोबत पाठवलेला सिद्धू चांगला ड्रायव्हर आहे, पण तो काही सांगायला लागला की ह्यांना राग येतो. तू मला लिही, मी करीन. ह्यांना कळायची गरज नाही. आणि जरा लवकर लिही.

तुझी शालू

---

सातारा
१६ मार्च १९७४

चि. शालू,

तुझं पत्र गॅरेजात सगळ्यांना वाचून दाखवलं. जिला पोळी उलटताना चटका बसायचा ती आमची शालू आता रेडिएटरच्या चौकशा करते! आई म्हणाली, "चांगलं हाय की. न्हवऱ्याच्या आवडीत आवड ठेवावी."

आता मिस्त्रीचं ऐक. ही गाडी थंड मुलखात जन्मलेली आणि वय वीसच्या पुढं. तुमच्या विहिरीचं पाणी मचूळ. त्याचा चुना आतल्या नळ्यांत बसतो आणि पाणी फिरत नाही. धुण्याचा सोडा गरम पाण्यात विरघळवून रेडिएटरमध्ये भर, इंजिन थोडा वेळ चालव, गार झालं की सगळं सोडून दे. असं दोन-तीनदा कर. नंतर पावसाचं साठवलेलं पाणी असेल तर तेच घाल. पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबून बघ, फार लोंबत असेल तर सिद्धूला आवळायला सांग. गरम असताना टोपण उघडू नकोस, तोंड भाजेल. फौजेत माझ्या डोळ्यांदेखत एकाचं भाजलं.

आणखी एक गंमत. तिला दोन कार्बोरेटर आहेत, जुळ्या भावांसारखे, एक रुसला की दुसरा चालत नाही. त्यांच्या डोक्यावरची पितळी टोपणं काढून आत शिलाई मशीनचं तेल थोडंसं घालत जा. तुझं मशीन माहेरूनच गेलंय, तेल असेलच.

तुझे लालासाहेब जरा तापट आणि गाडीही तापट. दोघांना सांभाळून घे.

तुझा दादा
मानसिंग

---

इस्लामपूर
५ एप्रिल १९७४

दादा,

सोड्याचं केलं. काळपट लाल पाणी निघालं, बादलीभर गाळ. पितळी टोपणांत तेलही घातलं. त्यानंतर गाडी एकदाही तापली नाही आणि घरात शांतता होती. मी गणपतीला नारळ फोडला, तुझ्या नावानं.

पण परवा वाळव्याच्या रस्त्यावर वेगळंच झालं. इंजिन ठसकलं आणि गपकन बंद. सिद्धू म्हणाला, सीटमागं पेट्रोलचा विजेवरचा पंप आहे, त्याची टिकटिक ऐकू येत नाही. बाजाराचा दिवस, माणसं थांबून हसायला लागली. ह्यांनी सिद्धूला खाली पाडून बुटानं तुडवलं. त्याच्या कानातून रक्त आलं. कुणी मध्ये पडलं नाही. घरी आल्यावर माझ्याही वाटणीचं आलं.

पंप बंद पडला तर रस्त्यातच चालू कसा करायचा, ते लिही.

शालू

---

सातारा
११ एप्रिल १९७४

चि. शालू,

सिद्धूचं वाचून वाईट वाटलं. पण पोरगं तोंडाळ आहे, त्यालाही मी ओळखतो. आणि तुझ्या वाटणीचं म्हणजे काय? नवरा चिडला की दोन शब्द ऐकून घ्यावेत, मग तोच गार होतो. बाबाही असेच होते.

पंपाचं औषध सोपं आहे. आतले पॉइंट चिकटतात. सीटमागची फळी उचल, मुठीएवढा डबा दिसेल. चपलेच्या टाचेनं त्याला एक-दोन टिचक्या दे. टिकटिक लगेच सुरू होते. विलायतेत साहेब लोकसुद्धा असंच करतात म्हणे. पण हळू मार. जोरात मारलं तर कायमचा मरेल.

दिवे अचानक गेले तर बल्ब बघू नकोस. जमिनीची वायर, म्हणजे जी चासीला जोडलेली असते ती, गंजते. घासून पुन्हा आवळली की उजेड येतो. जुन्या गाडीत निम्मी भानगड त्या एका वायरीचीच असते.

मानसिंग

---

इस्लामपूर
२२ एप्रिल १९७४

दादा,

तुझं औषध लागू पडलं. काय झालं ते सांगते, कारण आता मला हसत-खेळत लिहिता येत नाही.

रविवारी दारातच गाडी सुरू होईना. हे ओरडायला लागले. मी बोलून गेले, "चपलेनं दोन टिचक्या द्या पंपाला." ह्यांनी पायातलं पायताण काढलं आणि पंपावर हाणलं. टिकटिक सुरू झाली. इंजिन लागलं. हे एवढे खूश झाले की चार माणसांना हाक मारून दाखवलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "बघितलंस? हाणल्याबिगर काय चालत न्हाई. गाडी न्हाई, बायकू बी न्हाई." आणि तेच पायताण माझ्या तोंडावर मारलं. सगळे हसले. ह्यांना वाटलं थट्टा होती. माझा पुढचा दात पडला.

दोन शब्द नव्हते, दादा. तू लिहितोस ते दोन शब्द मी लग्नानंतर एकदाही ऐकलेले नाहीत. ही गाडी आल्यापासून तर नियमच झालाय. गाडी बंद पडली की कुणीतरी मार खायचा. बाहेर असली तर सिद्धूनं, घरात असली तर मी. गाडी चालली तर नाही. म्हणून मी मिस्त्री झाले. मला हौस नव्हती.

तुझी पत्रं मी शेवयांच्या डब्यात ठेवते. कुठल्या आवाजाला काय करायचं ते पाठ करते. एखादा आवाज ओळखता आला नाही की सगळी पत्रं पुन्हा काढून बघते.

शालू

---

सातारा
२६ एप्रिल १९७४

शालू,

तुझं पत्र वाचलं आणि हातातला पाना भिंतीवर फेकला. आईला अजून सांगितलं नाही. रविवारी मी येतो. त्याच्यासमोर उभा राहून बोलतो आणि तुला घेऊन येतो. कापडं बांधून ठेव. माझ्या बहिणीचा दात पाडणारा अजून जन्माला यायचाय असं मी समजत होतो.

दादा

---

इस्लामपूर
४ मे १९७४

दादा,

तू आलास, ह्यांनी अंगणातून तुला कॉलर धरून बाहेर काढलं, आणि तू गेलास. मी दारामागून बघत होते. तुला दोष देत नाही. ह्यांच्यामागं कुऱ्हाडी घेतलेली माणसं होती आणि तू एकटा होतास. पण तू गेल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही.

गाडीच्या चाकांसाठी तू तांब्याच्या तोंडाचा हातोडा पाठवला होतास ना, हे तोच घेऊन घरात आले. "भावाला कागदं लिवतीस व्हय?" म्हणाले. सिद्धू मध्ये आला. एवढंच म्हणाला, "मालक, बाईमाणूस हाय वो." ह्यांनी त्याचा उजवा हात ओट्यावर दाबून धरला आणि हातोडा घातला. हाडं फुटल्याचा आवाज मी ऐकला. सिद्धू नुसता खाली बसला. त्याच रात्री तो गाव सोडून गेला. मला बियाण्याच्या खोलीत तीन दिवस कोंडलं होतं. सासूबाई खिडकीतून भाकरी द्यायच्या आणि म्हणायच्या, "आगं, गप ऱ्हावं बाईनं. तेचा बा बी असाच व्हता."

पुन्हा येऊ नकोस. आलास तर तुझं गॅरेज आतल्या गाड्यांसकट पेटवणार असं हे सगळ्यांना सांगत सुटलेत, आणि ते पेटवतील. मलाही नेऊ नकोस. मी गेले तर ते आधी साताऱ्याला येतील.

कधीकधी वाटतं, ह्या गाडीनंच त्यांना एखाद्या वळणावर घेऊन जावं. असं देवाकडं मागू नये. पण मागून झालं.

शालू

---

(पोस्टकार्ड)

इस्लामपूर
११ मे १९७४

दादा, बाहेर पडायला बंदी आहे, हे कार्ड शेजारच्या रंगुबाईकडून टाकते. इथं कार्डं सगळे वाचतात म्हणून थोडक्यात. चाकावर मधोमध जो कानांचा मोठा नट असतो, त्याला एका बाजूच्या चाकांवर सुलटे आटे आणि दुसऱ्या बाजूला उलटे, असं सिद्धू म्हणायचा. ड्रायव्हरच्या बाजूच्या पुढच्या चाकाचा नट कुठल्या अंगाला मारला की घट्ट होतो आणि कुठल्या अंगाला मारला की सुटतो? बुधवारपर्यंत नक्की कळव. गुरुवारी गाडी खंबाटकी घाट उतरणार आहे. उत्तर रंगुबाईच्या पत्त्यावर. कार्ड फाडून टाक.

शालू

---

(पोस्टकार्ड)

सातारा
१३ मे १९७४

चि. शालू, वरचा कान गाडीच्या तोंडाच्या दिशेनं, म्हणजे पुढं मारला की घट्ट होतो. मागं मारला की सुटतो. पक्कं ध्यानात ठेव. अर्धा फेरा फिरला की पुरे. डोकं शांत ठेव, देव सगळं बघतो. आई आठवण काढते.

मानसिंग

---

सातारा
२ जून १९७४

शालू,

सांगलीच्या दवाखान्यात दोनदा आलो. तुझ्या सासरच्यांनी दारातूनच हाकललं. म्हणून हे पत्र इथं मला भेटायला आलेल्या सिद्धूच्या हाती देतोय. वाचून झालं की काय करायचं ते तू ठरव.

तुझं कार्ड आलं तेव्हा मी हादरलो. आधीच्या पत्रात तू काय लिहिलं होतंस ते मला तोंडपाठ झालं होतं. इकडं पोवई नाक्यावर लोक बोलत होते, की लालासाहेबानं पुण्याच्या कुणाशी पैज लावलीय, खंबाटकी घाटात गाडी पळवून दाखवणार आहे. आणि तू विचारतेस नट कुठं मारला की सुटतो. कार्ड फाडून टाक म्हणतेस. मला दुसरं काही सुचलंच नाही. वाटलं, माझी बहीण नवऱ्याचं चाक सोडवायला निघाली. तो मरायच्या लायकीचाच होता, पण तू फासावर जावंस का? रात्रभर आईच्या उशाशी बसून राहिलो आणि सकाळी कार्ड लिहिलं.

मी उलटं लिहिलं, शालू. जाणूनबुजून. त्या गाडीचा कुठल्याही बाजूचा नट मागं मारला की घट्ट होतो. पुढं मारला की सुटतो. मला वाटलं, तू सोडवायला म्हणून मागं मारशील आणि तुझ्याच हातून तो घट्ट बसेल. त्याचं काही होणार नाही, तुझ्या हाताला रक्त लागणार नाही. मी स्वतःवर खूश होतो. चौकात जाऊन चहा प्यायलो.

गुरुवारी सकाळी मी नाक्यावर उभा राहिलो, नुसती गाडी जाताना बघायला. ती आली. छप्पर खाली पाडलेलं. आणि त्याच्या शेजारी तू. डोक्यावर पदर, अंगावर हिरवा शालू, मांडीवर आहेराची पिशवी. लग्नाला निघालेली बाई. मी ओरडत धावलो, दोन्ही हात वर केले. तू मला बघितलंस. तू हसलीस आणि हात हलवलास. त्यानं मला बघून वेग वाढवला.

एका ट्रकवाल्याच्या पाया पडून मागं निघालो. शिरवळच्या मालाचा ट्रक, चढावर चालत्या माणसाएवढा हळू. घाट चढून पलीकडं उतरायला लागलो आणि तिसऱ्या वळणावर माणसांची गर्दी दिसली. चाक शंभर पावलं खाली, एका निवडुंगाला टेकलेलं. गाडी दरडीवर तोंड आपटून उलटी. स्टिअरिंगचा दांडा त्याच्या छातीत घुसून पाठीतून बाहेर आला होता. तोंड उघडं. तू दरवाज्याखाली होतीस आणि तुझा उजवा हात पत्रा आणि दगडाच्या मध्ये. मी तो बघितला आणि मला कळलं, की हा काही आता जोडता येणार नाही. मी दरवाजा पहारीनं उचकटला. तू शुद्धीवर नव्हतीस. तुझ्या तोंडातून रक्ताबरोबर एकच शब्द येत होता, घट्ट, घट्ट.

नट मला रस्त्यावर मागं सापडला. पोलिसांनी विचारलं तेव्हा तो माझ्या खिशात होता. जुनी गाडी, चाक निखळलं, असा पंचनामा झाला.

तू घट्ट करायला निघाली होतीस, हो ना? मला एवढंच लिहून कळव. शिव्या दे, पण लिही.

मानसिंग

---

सांगली
१९ जून १९७४

दादा,

डाव्या हातानं लिहिते आहे, म्हणून अक्षर असं. उजवा मनगटाच्या वरून कापला. अजून रात्री त्याची बोटं दुखतात, नसलेली.

होय. घट्ट करायला निघाले होते.

एप्रिलअखेर हे विट्याला गेले तेव्हा पंक्चर झालं होतं. तिथल्या माणसानं चाक दगडानं ठोकून बसवलं. तेव्हापासून गाडी मागं घेतली की ड्रायव्हरच्या बाजूला टक, टक व्हायचं. तो आवाज तुझ्या कुठल्याच पत्रात नव्हता. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तू गप. मिस्त्रीण हायस व्हय?" घाटापलीकडच्या खंडाळ्याला त्यांच्या मामेबहिणीचं लग्न होतं आणि त्याच गाडीत मलाही बसायचं होतं. पैजबीज काही नव्हती, त्या तुझ्या नाक्यावरच्या गप्पा. बुधवारी तुझं कार्ड आलं. गुरुवारी हे आंघोळीला गेले तेवढ्यात मी तांब्याचा हातोडा घेतला, ज्यानं सिद्धूचा हात फोडला तोच, आणि पुढं मारला. तू लिहिलं होतंस तसं. नट फिरला. मला केवढा आनंद झाला. वाटलं, आता घट्ट बसला, आज कुणी मार खाणार नाही. मी पदरानं हातोडा पुसून ठेवला. नाक्यावर तू हात वर करून धावत आलास, तर मला वाटलं दादा निरोप द्यायला आला.

खंबाटकी उतरताना ह्यांनी ब्रेक दाबला आणि चाक आमच्याही पुढं पळत गेलं. हे हसले. म्हणाले, "आरं, ते कुणाचं चाक?" ते त्यांचे शेवटचे शब्द.

मी जाणार आहे हे कार्डात लिहिलं नाही. जागा नव्हती, आणि लिहायचं सुचलंही नाही. बायको लग्नाला नवऱ्याबरोबर जाणार, त्यात सांगायचं काय? पण तुला त्या गाडीत मी दिसले नाही. तुला मी खून करताना दिसले.

आणि तू माझ्याबद्दल अगदीच चुकीचं ओळखलंस असंही नाही. मला त्या दिवशी घरी ठेवून ते एकटे गेले असते, तर मी हातोडा कुठल्या अंगाला मारला असता, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. त्यांच्या मरणाचं मला रडू आलेलं नाही. माझ्या हाताचं आलं. पण मारायचं की नाही हे मी ठरवलं असतं. ते तू ठरवलंस.

सिद्धू पत्र देऊन गेला. त्याचाही उजवा हात वाकडाच राहिला. आम्ही दोघं एकमेकांचे हात बघत बसलो. मग तो म्हणाला, "ताई, तुमचं लगीन ठरायच्या आदी मालकांची जीप गॅरेजात आली व्हती. तवा त्यांनी मला फ्यानबेल्टनं फोडलं व्हतं. मानसिंगराव तितंच उभं व्हतं. त्यांनीच मला हळद लावली." तेव्हा तू घरी येऊन मला काय म्हणाला होतास, आठवतं? माणूस जरा तापट आहे, पण मनानं चांगला आहे. ऊस बागायती आहे. माझ्या भल्यासाठीच म्हणालास. आणि आता हे कार्डही माझ्या भल्यासाठीच लिहिलंस. दोन्ही वेळेला तू बाहेर उभा होतास आणि आत मी बसले होते.

सासूबाईंनी गाडी गावात ओढून आणवली आणि माणसं लावून पहारींनी तिचा चुरा केला. "हिनं खाल्लं माज्या लेकाला," म्हणत स्वतः दगड घातले. माझ्याकडं बघतही नाहीत. अशा घरात मी राहणार नाही.

पुढच्या आठवड्यात मला सोडतील. मी साताऱ्याला येणार आहे. आईसाठी नाही आणि तुझ्यावर भार म्हणूनही नाही. मला तुझ्या गॅरेजात काम दे, सिद्धूलाही दे. आमच्या दोघांत मिळून दोन चांगले हात आहेत.

तो नट फेकू नकोस. ज्या दिवशी येईन त्या दिवशी तसल्या चाकाची एखादी गाडी उभी करून ठेव. मी चारही नट माझ्या हातानं पुढं मारून बघेन, मागं मारून बघेन. तू जवळ उभा राहा, पण मला काही सांगू नकोस.

शालू